हेल्मेटची सक्ती झाली, मालमोटारीचे काय?

मोटारसायकलवरचा कामगार रस्त्यावर मेला की त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते की नव्हते, एवढा एकच प्रश्न विचारून चौकशी आटोपण्याची रीत आपल्याकडे पडली आहे. हेल्मेट नव्हते असे निघाले की मृताच्याच माथी दोष मारला जातो. होते असे निघाले तर ट्रकचालकाला कोठडीत टाकून प्रकरण मिटवले जाते. दोन्ही वेळा गुन्हेगार ठरतो तो श्रमिकच. ज्याचा माल त्या ट्रकमध्ये होता, ज्याने तो ठरल्या तासाला मागितला होता आणि ज्याने तो रस्ता बांधला, त्यांपैकी कोणाचेही नाव पंचनाम्यात येत नाही.

नाशिक शहराने हा न्याय पुरेपूर अनुभवला आहे. 15 ऑगस्ट 2021 रोजी येथे ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ अशी मोहीम पोलिसांनी सुरू केली. तिच्यामागील हेतू वाईट होता असे आमचे म्हणणे नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली; त्यांपैकी 74,897 दुचाकीवरची होती. यांतील 50,029 जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. तेव्हा हेल्मेटाचा प्रश्न खोटा नाही. पण उरलेल्या सुमारे 25 हजारांचे काय? त्यांच्या खाती हा दोष लिहिलेला नाही, तरीही ते मेलेच. त्यांच्यासाठी कोणती मोहीम निघाली? पेट्रोलपंपावर कामगाराचे डोके तपासणाऱ्या शासनाने डिझेल भरायला आलेल्या ट्रकचा चालक किती तास झोपलेला नाही, हे कधी तपासले?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीकडे पाहिले की या प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते. एका बाजूला सिडकोची कामगार वस्ती, दुसऱ्या बाजूला मुंबई-आग्रा महामार्ग आणि मध्ये कारखाने. पाळी भरताना आणि सुटताना मोटारसायकलींचे लोंढे ज्या रस्त्यांवर उतरतात, त्याच रस्त्यांनी, त्याच वेळी, पोलाद आणि सुटे भाग लादलेले ट्रक आत-बाहेर करतात. कामगार हौसेने मोटारसायकलवर बसत नाही; पाळीच्या वेळेला हमखास बस मिळत नाही म्हणून तो हप्ते भरून गाडी घेतो. 1948 च्या कारखाने कायद्याने धोकादायक यंत्राला कुंपण घालण्याची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावर टाकली. ते कुंपण कामगारांनी बोटे आणि हात गमावून, लढून मिळवलेले आहे. मात्र फाटकाच्या आत ज्या कामगाराला दाबयंत्रापासून संरक्षण मिळते, तोच फाटकाबाहेर पाऊल टाकताच त्याहून अवजड, चाकांवर धावणाऱ्या यंत्रापुढे उघडा पडतो. तेथे कुंपण नाही, आणि जबाबदार कोण तेही ठरलेले नाही.

हे यंत्र माणूस कसे मारते, हेही समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे चालक उजवीकडे आणि उंचावर बसतो; त्यामुळे ट्रकच्या डाव्या अंगाला आणि अगदी पुढ्यात त्याला न दिसणारा मोठा पट्टा राहतो. लांब ट्रक वळतो तेव्हा त्याची मागील चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, वळणाच्या आतून कापत जातात. चौकात डाव्या फटीत शिरलेला मोटारसायकलस्वार नेमका तेथेच सापडतो. पूर्वी डाव्या खिडकीशी क्लीनर असे. तो ट्रकचा डावा डोळा होता. मजुरी वाचवण्यासाठी मालकांनी तो डोळा काढून टाकण्याचा सपाटा लावला. क्लीनरची सक्ती रद्द करा, ही मालवाहतूकदारांच्या 2025 मधील आंदोलनाची एक मागणीच होती. माणूस चाकांखाली जाऊ नये म्हणून बाजूला आणि मागे संरक्षक चौकटी बसवण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. पण वाकलेल्या, तुटलेल्या वा मुळातच नसलेल्या चौकटींचे ट्रक कोणत्याही नाक्यावर उभे राहून मोजता येतील.

आता चालकाकडे पाहू. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती. पण तो कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या संस्थांनाच लागू होता; एकदोन ट्रकच्या मालकाकडे राबणारा चालक त्याच्या बाहेरच राहिला. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदाही नव्या संहितेत विसर्जित झाला. चालकाची कमाई खेपेवर आणि खेप वेळेवर, तेव्हा तो झोपणार कधी? उलट त्याच्यासाठी सरकारने काय योजले? अपघातानंतर न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद! भारतीय न्याय संहितेतील या तरतुदीविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. आपल्या जिल्ह्यात मनमाडजवळच्या पानेवाडीतील इंधन टँकरही थांबले. सरकारला ती तरतूद स्थगित ठेवावी लागली. थांबलो तर जमाव ठेचतो आणि पळालो तर कायदा चिरडतो, या कात्रीत सापडलेल्या माणसाला खुनी म्हणणे सोपे आहे, न्याय्य नाही.

आणि मालाचे ओझे? जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांची मान्य भारमर्यादा 20 ते 25 टक्क्यांनी वाढवली. वाहतुकीचा खर्च कमी होईल, हे कारण देण्यात आले. रस्ते तेच, चौक तेच, मोटारसायकलस्वाराची हाडे तीच. वाढले ते फक्त वजन. बाहेर डोकावणाऱ्या मालाला 2019 च्या दुरुस्तीनंतर 20 हजार रुपये दंड आहे. तरीही 12 जानेवारी 2025 रोजी नाशिकच्या द्वारका उड्डाणपुलावर लोखंडी सळ्या घेऊन जाणाऱ्या ट्रकवर मागून टेम्पो आदळला आणि सिडको परिसरातील तरुणांचे बळी गेले. कायद्याच्या पुस्तकात दंड होता, पण रस्त्यावर सळ्यांना अडवणारा कोणी नव्हता.

येथे आपल्या कार्यकर्त्यांशीही दोन शब्द स्पष्टपणे बोलले पाहिजेत. हेल्मेटसक्तीला विरोध करून वस्तीत टाळ्या मिळतात, म्हणून काही जण त्या मोहाला बळी पडतात. हे चूक आहे. यंत्राला कुंपण मागणारा कामगार चालत्या यंत्रात हात घालत नाही. हेल्मेट घालणे, वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या अंगाला न शिरणे, आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर आपण त्याला दिसत नाही असे समजून मागे राहणे, ही पोलिसांची ताबेदारी नव्हे. ही आपल्या घरच्यांविषयीची जबाबदारी आहे. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. अपघात होताच ट्रक फोडायचा, चालकाला तुडवायचे, आणि त्याला लोकक्षोभ म्हणायचे! हा लोकक्षोभ नव्हे. एका श्रमिकाच्या प्रेतावर दुसऱ्या श्रमिकाचे रक्त सांडल्याने मालकाचा केसही वाकडा होत नाही. गाडीचा विमा असतो, चालकाच्या बरगड्यांचा नसतो.

मग मागावे काय? पाळी भरण्या-सुटण्याच्या तासांत वसाहतीत जड वाहनांना बंदी. दुचाकीसाठी दुभाजकाने अलग केलेली वाट. जेथे माल उतरतो तेथेच झोपण्याची व न्हाणीची सोय असलेला पुरेसा ट्रकतळ, म्हणजे ट्रक रस्त्याच्या कडेला अंधारात उभे राहणार नाहीत. चौकटी, आरसे व बाहेर आलेला माल यांची कारखान्याच्या फाटकावरच तपासणी, आणि दोष आढळल्यास दंड माल पाठवणाऱ्यालाही. मालक एका ट्रकचा असो वा शंभरांचा, चालकाच्या तासांना एकच मर्यादा. आणि महापालिकेच्या सिटीलिंक बसचे वेळापत्रक पाळ्यांशी जोडलेले. 2027 च्या सिंहस्थासाठी नाशिकचे रस्ते रुंद करायला पैसा निघतो. बारा महिने या रस्त्यांवर जीव मुठीत धरून जाणाऱ्यांसाठी तो नाही, असे कोणी सांगू नये.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी घरोघर सांगावी. घर ते कारखाना या वाटेवर कामामुळे झालेला अपघात हा कामावरचाच अपघात मानावा, हे तत्त्व राज्य विमा कायद्यात 2010 च्या दुरुस्तीने आले आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते स्वीकारले. विमाधारक कामगाराच्या वारसांना त्यामुळे हक्क मिळतो. पण या तत्त्वाचा अर्थ त्याहून मोठा आहे. रस्ता कामाचा भाग असेल, तर त्या रस्त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी कामातून नफा घेणाऱ्यावरही येते. भरपाईपुरता रस्ता कारखान्याचा आणि सुरक्षिततेपुरता तो कोणाचाच नाही, हा दुटप्पीपणा चालू देता कामा नये.

अंबडमधील कारखान्यांच्या युनियनांनी आणि ट्रकचालकांच्या संघटनांनी एका व्यासपीठावर येऊन ही मागणीपत्रके औद्योगिक महामंडळ, महापालिका व परिवहन कार्यालय यांच्यासमोर ठेवावीत. ट्रकच्या केबिनमधला आणि मोटारसायकलवरचा, हे दोघे परस्परांचे वैरी नाहीत. एकाला झोप हवी आहे, दुसऱ्याला वाट. दोन्ही अडवून धरणारा हात एकच आहे, आणि तो पकडायचा तर या दोघांना एकमेकांची कॉलर सोडावी लागेल.