तुमचा मूड आणि आमचं डफडं

कथा लिहायला बसण्याआधी संगीत ऐकावं, असं सांगणारे लोक मला भेटलेत. तुम्हालाही भेटले असतील. एका लेखन शिबिरात आम्हा दहा-बारा पोरांना पुढ्यात बसवून एका नामवंत कथाकारानं सांगितलं, की लेखकाचं मन आधी निवलं पाहिजे. दिवेलागणीला यमन लावावा, डोळे मिटावेत, आतला गलबला शांत झाला, मूड आला, की मग कागद पुढं ओढावा. आम्ही मुकाट्यानं वहीत लिहून घेतलं. एकानंही विचारलं नाही, की गुरुजी, आमच्या खोलीत आठ माणसं राहतात, दिवेलागणीला तिथं स्टोव्ह पेटतो आणि भांडण पेटतं, डोळे मिटायचे कुठं? आणि दुसरा सवाल त्याहून मोठा होता. तो गलबला शांत झाल्यावर आम्ही लिहायचं कशावर?

मी भोळा. मी तसं केलं. महिनाभर मोबाईलवर यमन ऐकला. चांगला वाटला. यमनशी माझं भांडण नाही. पण त्या महिन्यात मी जी कथा लिहिली, तिच्यात माझा आजा होता आणि आजा आकाशवाणीच्या बातम्यांसारखा बोलत होता. 'मला तीव्र वेदना होत आहेत' असं माझा आजा म्हणाला! अरे, उभ्या जन्मात त्या माणसानं 'वेदना' शब्द तोंडातून काढला नव्हता. तो म्हणायचा, 'जीव खालीवर व्हायलाय, पोरा.' मी कथा फाडली. संगीत ऐकलं, मूड आला, कथाही झाली, फक्त आमचा माणूस तिच्यातून उठून गेला.

का गेला? शाळेनं मला अक्षर दिलं आणि त्याच हातानं माझं बोलणं काढून घेतलं. मास्तर म्हणाले, 'व्हायलाय' अशुद्ध. मी सोडलं. वर्गातली पोरं हसली, मी आणखी सोडलं. असं सोडत सोडत मी शुद्ध झालो. आता लिहायला बसलो की लेखणी शुद्ध चालते आणि आजा मुका होतो.

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. जेम्स बाल्डविन हा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला काळा पोरगा. १९४८ साली देश सोडून पॅरिसला गेला. पहिली कादंबरी वर्षानुवर्षं अडून बसलेली. १९५१-५२ च्या हिवाळ्यात तो स्वित्झर्लंडमधल्या एका बर्फाळ गावात जाऊन राहिला. तिथल्या पोरांनी काळा माणूस पाहिलेला नव्हता, ती रस्त्यात त्याच्यामागं ओरडायची. त्याच्याजवळ होता एक टाइपरायटर आणि बेसी स्मिथच्या दोन रेकॉर्डी. बेसी म्हणजे ब्लूज गाणारी काळी बाई. बाल्डविननं १९५९ च्या एका लेखात कबूल केलंय, की अमेरिकेत असताना तो बेसीला कधी ऐकतच नव्हता, जसा कलिंगडालाही हात लावत नव्हता. कारण ठाऊक आहे? गोरे लोक कलिंगडावरून काळ्यांना हिणवायचे. हिणवतात म्हणून यानं फळ सोडलं, गाणं सोडलं, बोलणं सोडलं. आणि त्या परक्या बर्फात बेसीच्या आवाजाच्या चढउतारातून त्याला आपलं लहानपणीचं बोलणं परत सापडलं. कादंबरी तिथंच पुरी झाली. १९५३ साली छापली. 'गो टेल इट ऑन द माउंटन'. नावसुद्धा काळ्या गुलामांच्या एका भजनाचं.

आता सांगा, बाल्डविननं बेसीला मूडसाठी ऐकलं का? त्यानं आपल्या लाजेशी कुस्ती खेळली. लेखकाला संगीत कशासाठी पाहिजे, याचं माझं उत्तर हे आहे. मन निवायला पाहिजे असेल तर झोप काढा. आम्हाला संगीत पाहिजे ते लाज मोडायला आणि कान परत मिळवायला.

लाज म्हणतो तर उगाच म्हणत नाही. शहरात खोली शोधत होतो तेव्हा माझ्या मोबाईलला भीमगीताची रिंगटोन होती. मालकाच्या दारात उभं राहायच्या आधी जिन्यात थांबून मी ती बदलली. साधी टिर्रर्र लावली. खोली मिळाली. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. आम्ही शिकलो, सवरलो, मोबाईल घेतला आणि रिंगटोन चोरायला लागलो. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा रिंगटोनचं काय घेऊन बसलास? २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका तरुणाचा खून झाला. मोबाईलवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं, त्यावरून भांडण काढलं आणि त्याला उचलून नेऊन मारलं, अशी तक्रार होती. ज्या मुलखात सूर ऐकून माणसाची जात ओळखतात आणि सुरासाठी जीव घेतात, तिथं आम्हाला सांगतात, संगीत ऐका म्हणजे मन शांत होईल!

आता आज्याचं सांगतो. आजा डफडं वाजवायचा. पाटलाच्या लग्नात, देवाच्या पालखीपुढं, पोळ्याच्या बैलांपुढं. मांडवाबाहेर उभं राहायचं, सगळ्यांची पंगत उठल्यावर उरलंसुरलं पदरात घ्यायचं. गावकीचं काम. १९५६ नंतर आमच्या वाड्यातही धम्माचं वारं आलं. बाबासाहेबांनी सांगितलं होतं, गावकीची हलकी कामं टाका. आज्यानं डफडं खुंटीला टांगलं ते परत काढलं नाही. पाटलानं बोलावणं धाडलं, धमकी दिली, वर्षाचं धान्य बंद केलं. आजा हलला नाही. त्या डफड्याचं कातडं उंदरांनी खाल्लं.

आज्यानं केलं ते बरोबरच केलं. कुणी शहाणा आज मला सांगायला आला, की डफडं ही तुमची थोर लोककला, ती जपा, तर मी त्याला म्हणेन, तू ये, मांडवाबाहेर उभा राहा आणि जप.

पण मला आज्याची दुसरी गोष्ट आठवते. चौदा एप्रिलच्या रात्री वस्तीत गाणी लागायची आणि म्हातारा ओट्यावर बसून पत्र्याच्या पेटीवर बोटं वाजवायचा. बघत कुणाकडंच नसायचा. बोटं मात्र एक मात्रा चुकायची नाहीत. गावकी सुटली होती, ताल सुटला नव्हता. आणि बोलायचाही त्याच तालात. दोन शब्द, मग थांबा. चार शब्द, मग ठोका. कथा फाडल्यावर मला ती पेटी आठवली. मी स्टीलचा डबा पालथा घातला, बोटं वाजवली आणि म्हणून पाहिलं, 'जीव खालीवर व्हायलाय, पोरा.' आजा बोलायला लागला. मी नुसता लिहून घेत गेलो.

यात चमत्कार काही नाही. हा आपला जुनाच रस्ता आहे. अण्णाभाऊ साठ्यांकडं बघा. वाटेगावचा हा माणूस शाळेत टिकला नाही, पण ढोलकीपासून हार्मोनियमपर्यंत वाद्यं हाताळायचा. आधी तमाशात उभा राहिला. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. गिरणगावात हजारो कामगारांपुढं डफ घेऊन गायला. 'फकिरा' छापली गेली १९५९ ला, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. म्हणजे कादंबरीच्या आधी शाहिरीची वर्षं आहेत. 'फकिरा' मोठ्यानं वाचून बघा. वाक्य कुठं तोडायचं, ऐकणाऱ्याला कुठं ताणून धरायचं, हे त्या माणसाला पुस्तकानं शिकवलेलं नाही. समोर बसलेला थकलेला कामगार उठून जाऊ नये, या धाकानं शिकवलंय.

१९३० च्या दशकापासून भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले. गाण्याच्या अधेमधे फार्स असायचा, सवालजवाब असायचे. वामनदादा कर्डक अक्षर शिकले तेच मोठेपणी, आणि पुढं आयुष्यभर गाणी लिहिली, गायली. आणि जात्यावरच्या बाया? हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जमवलेल्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. दोन ओळींत सासू उभी करतात, दोन ओळींत भाऊ. कथाकाराला आणखी कुठली शाळा पाहिजे?

तरी आपल्यातलेच शिकलेले नाक मुरडतात. फ्लॅटमध्ये पाहुणे आले की भीमगीत बंद आणि गझल सुरू. 'तो काय प्रचार आहे, त्यात कला कुठंय?' असं आपल्याच चळवळीत वाढलेला एक कवी मला म्हणाला. त्याला म्हणालो, तू ज्या मुक्तछंदात लिहितोस, त्याच्या तळाशी तुझ्या आईची ओवी नसेल तर तो छंद कुणाकडून मुक्त झालाय ते तरी सांग.

कुणी म्हणेल, म्हणजे शास्त्रीय संगीत ऐकूच नये? असं कोण म्हणतो? बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. वाद्याला जात नसते. आणि जात काढायचीच, तर मैफलीत बसणाऱ्यांची काढा. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर पुस्तक लिहिलं. कातडं सोलून, कमावून, ताणून मृदंग घडवणारे बहुतेक दलित ख्रिस्ती. चेन्नईतल्या एका नामांकित सरकारी कलासंस्थेनं त्या पुस्तकाच्या प्रकाशनाला दिलेलं सभागृह ऐनवेळी काढून घेतलं. कातडं चालतं, कातड्याची गोष्ट चालत नाही. तेव्हा यमन खुशाल ऐका. आपल्या मालकीचा समजून ऐका. फक्त त्याच्यापुढं आपलं डफडं लपवू नका.

आता मित्रांनो, एक कडू गोष्ट आपल्यासाठी. भीमगीत ऐकून पेटलेला आपला पोरगा कथा लिहितो तेव्हा पहिल्या पानावर अन्याय, दुसऱ्यावर मोर्चा आणि तिसऱ्यावर निळा सूर्य उगवतो. ही कथा होत नाही. गाण्यानं सगळ्यांना एका सुरात आणायचं असतं, ते त्याचं काम. कथेला तो माणूस पाहिजे ज्याचा सूर लागत नाही. जयंतीच्या रात्री सगळी वस्ती नाचत असताना नवऱ्याचा मार खाऊन घरात बसलेली बाई. वर्गणीचे पैसे दारूत घातलेला आपलाच कार्यकर्ता. रिंगटोन बदलून खोली मिळवणारा मी. गाणं चालू असेपर्यंत ही माणसं दिसत नाहीत. म्हणून गाणं ऐका, पोटभर ऐका, अंगात भिनू द्या. मग बंद करा. बंद केल्यावर जी शांतता पडते, तिच्यात कोण रडतंय ते ऐका. लिहायचं तिथून.

माझी रीत सांगतो, पटली तर घ्या. ज्याच्यावर लिहायचंय तो काय गुणगुणत असेल ते आधी शोधतो. आई, आत्या, शेजारची म्हातारी, कुणाकडं तरी बसून ऐकतो, टिपून घेत नाही. मग एकटा असताना त्याच्या तोंडची चार वाक्यं बोटांनी ठेका धरून मोठ्यानं बोलतो. वाक्य तालात बसलं नाही तर शब्द माझा आहे, त्याचा नाही, असं समजून काढून टाकतो. एवढं झाल्यावर कागद. लिहिताना गाणं लावत नाही, कारण दुसऱ्याच्या तयार ओळी माझ्या माणसाच्या तोंडात शिरतात.

पुढच्या अंकासाठी कथा पाठवणार असाल तर संपादकाआधी वस्तीत मोठ्यानं वाचा. आई स्वयंपाक टाकून उंबऱ्यात येऊन बसली तर पाठवा. 'कुणाचं रे हे?' असं तिनं आतूनच विचारलं, तर फाडा आणि डबा पालथा घाला.

जय भीम.