पुस्तकांचे मुंडकार

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ऑफिसातून दमून घरी आलो, भिजलेली छत्री पडवीत उघडी करून ठेवली आणि आत पाऊल टाकतो न टाकतो तोच आईने टॅब माझ्यापुढे धरला. म्हणाली, "अरे, म्हजें पुस्तक कोणें व्हेलें?"

आईचे वय ७८. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, पण दुखणे डोळ्यांच्या पडद्याचे आहे, ते काही जात नाही. छापील पुस्तकातल्या ओळी तिला मुंग्यांच्या रांगांसारख्या दिसतात. जन्मभर वाचनालयातून पिशवी भरभरून कादंबऱ्या आणणारी बाई नुसती खिडकीत बसून राहू लागली, ते मला बघवेना. मला नव्या यंत्रांचा सोस पहिल्यापासूनच. पगार कारकुनाचा आणि हौस अमेरिकेची, असे बायको म्हणते ते काही खोटे नाही. तेव्हा मोठ्या पडद्याचा एक टॅब घेतला, मराठी ई-पुस्तके विकणाऱ्या एका कंपनीचे ॲप त्यात घातले आणि तीनेक वर्षांत चाळीसएक पुस्तके विकत घेतली. अक्षर बोराएवढे करता येते हे कळल्यावर आईचा चेहरा असा काही खुलला की टॅबचे पैसे त्याच दिवशी वसूल झाले. बोटाने पान उलटायलाही ती चार दिवसांत शिकली.

आणि आता पुस्तक नाही. एक नव्हे, चाळीसच्या चाळीस! ॲप उघडले तर कोरे कपाट. शोधाशोध केल्यावर, मी फारसा उघडत नसलेल्या एका जुन्या ई-मेल पत्त्यावर महिन्यापूर्वी आलेले पत्र सापडले. कंपनीने हा धंदा बंद केला होता. शेवटच्या तीन महिन्यांत घेतलेल्या पुस्तकांचे पैसे परत आणि बाकीच्यांबद्दल "आपल्या सहकार्याबद्दल आभार".

आईला हे समजावून सांगायला बसलो. कंपनी, सर्व्हर, परवाना वगैरे. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. "तुवें विकतें घेतिल्लें न्हय तें?"

मंडळी, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. हा लेख त्या प्रश्नामुळेच लिहितो आहे.

आम्हा कारकुनांना एक वाईट खोड असते. कागद हातात आला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. एरवी 'मला मान्य आहे'वर डोळे झाकून टिचकी मारणारा मी, त्या रात्री त्या कंपनीच्या अटी परिपत्रक वाचावे तशा वाचून काढल्या. बाहेर बटणावर लिहिले होते 'विकत घ्या'. आत लिहिले होते की हे पुस्तक आपणांस विकलेले नाही, वाचण्याचा परवाना दिलेला आहे आणि तो कधीही रद्द होऊ शकतो. बरे, हे त्या एका कंपनीपुरते नाही. किंडलच्या अटींतही मजकूर विकला जात नाही, त्याचा परवाना दिला जातो, याच अर्थाचे वाक्य आहे. परवाना म्हणजे काय हे सरकारी नोकराला सांगायला नको. परवाना देणारा तो काढूनही घेऊ शकतो.

काढून घेतल्याची उदाहरणेही आहेत. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. ज्याने ती दुकानात चढवली होती त्याच्याकडे अमेरिकेतले हक्कच नव्हते, हे कारण. पैसे परत केले, पण पुस्तके घरात शिरून उचलून नेली. त्यांपैकी एक होते 'नाइन्टीन एटी-फोर', ज्यात सरकार नको असलेले कागद भुयारात टाकून नाहीसे करते! मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाची त्या पुस्तकावरची टिपणे निरुपयोगी झाली, म्हणून तो कोर्टात गेला. जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली आणि पुढे प्रकरण तडजोडीने मिटले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान गुंडाळले. पैसे सगळ्यांना परत दिले, टिपणे करणाऱ्यांना वर २५ डॉलर दिले, पण पुस्तके उघडायची बंद झाली. आणि २६ फेब्रुवारी २०२५ पासून ॲमेझॉनने, किंडलचे पुस्तक आपल्या संगणकावर उतरवून यूएसबीच्या तारेने यंत्रात घालण्याची सोय काढून टाकली. म्हणजे आपली एक प्रत घरी ठेवण्याचा जो सरळ रस्ता होता, तोही गेला.

कोणी म्हणेल, पैसे परत मिळाले ना, मग तक्रार कसली? उद्या कोणी माझ्या कपाटातून पुस्तक उचलून नेले आणि टेबलावर छापील किमतीच्या नोटा ठेवल्या, तर त्याला मी खरेदी म्हणेन की चोरी?

गोव्यातल्या माणसाला हा प्रकार समजायला कठीण जाऊ नये. जमीन भाटकाराची, तिच्यावर घर करून राहणारा मुंडकार. पिढ्यान्‌पिढ्या राहतो, अंगण सारवतो, तुळस लावतो, माड शिंपतो. पण भाटकाराची मर्जी फिरली की 'घर खाली कर'! आपण ई-पुस्तकांचे वाचक हे असेच मुंडकार आहोत. कपाट आपण लावायचे, खुणा आपण करायच्या, जमीन मात्र कंपनीची. फरक एवढाच, की आपल्या मुंडकारासाठी १९७५ साली कायदा झाला. त्याला उठवता येणार नाही असे संरक्षण मिळाले, राहते घर विकत घेण्याचा हक्कही मिळाला. त्या कायद्याने सगळ्यांचे सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणत नाही, मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवणारे आजही आहेत. पण निदान हक्क कागदावर आला. पुस्तकांच्या मुंडकाराला तेवढाही कागद नाही.

छापील पुस्तकाच्या बाबतीत कायदा अगदी सरळ आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार एकदा बाजारात आलेली प्रत पुढे कोणाला विकावी, द्यावी, यावर प्रकाशकाचे नियंत्रण राहत नाही. म्हणून जुन्या पुस्तकांची दुकाने चालतात, म्हणून आजोबांचा दासबोध नातवाच्या हाती येतो. पणजीचे आपले मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचे. तिथे एकदा आलेले पुस्तक पाने सुटेपर्यंत वाचकांच्या हातून फिरते. ई-पुस्तकाचे काय? २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने अमेरिकेतल्या ग्रंथालयांना अट घातली की ई-पुस्तक २६ वेळा दिले की संपले, पुन्हा पैसे भरा! कागद झिजतो हे समजू शकतो. इथे न झिजणारी वस्तू मुद्दाम झिजवली.

माझा एक मित्र, कागदाचा कट्टर भक्त, हे ऐकून खुशीत म्हणाला, "मी सांगत होतो ना! पुस्तक म्हणजे कागद, त्याचा वास, तो स्पर्श..." त्याला म्हटले, बाबा रे, तुझे डोळे शाबूत आहेत म्हणून तुला वास सुचतो. आईसाठी छापील पुस्तक म्हणजे बंद दार आहे. अंध आणि अधू दृष्टीच्या लोकांसाठी ई-पुस्तक ही चैन नव्हे. २००९ मध्ये किंडल-२ पुस्तक मोठ्याने वाचून दाखवू लागले, तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली आणि ॲमेझॉनने हा आवाज बंद करण्याची मुभा प्रकाशकांना दिली. अंध वाचकांना त्याविरुद्ध निदर्शने करावी लागली. या बाबतीत आपला देश मात्र चांगला वागला, हे सांगायला हवे. २०१२ च्या दुरुस्तीने अपंगांसाठी पुस्तक सोयीच्या स्वरूपात आणायची मोकळीक कायद्यात आली आणि अंधांसाठीच्या मराकेश करारावर मंजुरीची मोहोर उठवणारा पहिला देश भारत होता, २०१४ साली.

त्याच दुरुस्तीतले ६५-ए हे कलम डिजिटल कुलपाबद्दल आहे. हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप फोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'इराद्याने' हा शब्द महत्त्वाचा आहे आणि तो घातला हे शहाणपणाचे झाले. पण मी वकील नाही. आईच्या चाळीस पुस्तकांसाठी माझा इरादा शुद्ध होता हे सिद्ध करायला मी कुठल्या कोर्टात जाणार? आणि तोडायला कुलूप तरी कुठे उरले होते, पुस्तकेच गेली होती.

आता दुसरी बाजू. कुलूप काढले तर चोरी वाढेल, मराठी लेखकाला आधीच काय मिळते, तेही जाईल, असे प्रकाशक म्हणतात. ही भीती पोकळ नाही. व्हॉट्सॲपवर मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ फिरतात. मलाही येतात. पाठवणारे चांगले शिकलेले, पेन्शनवाले लोक असतात आणि वर 'वाचन संस्कृती वाढवा' असे लिहितात! हजार-पाचशेच्या आवृत्तीवर जगणाऱ्या प्रकाशकाच्या पोटावर हा पाय आहे, यात मला शंका नाही. पण जरा बघा, कुलूप लागले कोणाला? फुकट्याच्या पीडीएफला कुलूप नाही, ती त्याच्या फोनमध्ये सुखरूप आहे. पैसे मोजणाऱ्याचे कपाट मात्र रिकामे झाले. चोराला मोकळे सोडून गिऱ्हाइकाला बांधून ठेवणारे हे कुलूप आहे.

आणि कुलपाशिवाय धंदा बुडतो असेही नाही. गाण्यांच्या बाबतीत हाच वाद झाला होता. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनीच ही कुलपे काढा असे जाहीर लिहिले आणि २००९ मध्ये आयट्यून्सवरची गाणी कुलपाविना विकायचे ठरले. गाण्यांचा धंदा काही त्यामुळे बुडाला नाही. पुस्तकांमध्ये टॉर या विज्ञानकथांच्या प्रकाशकाने २०१२ पासून कुलपे काढली.

कुलूप नसण्याचा आणखी एक फायदा आहे आणि त्याचा दाखला आपल्याच मातीत आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही. मराठी ओव्या, रोमन लिपी. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही हा ग्रंथ आपण वाचू शकतो, कारण भाविकांनी तो हाताने उतरवून घेतला, घराघरांत जपला. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळुरात तो पुन्हा छापला. छापखाना गेला, राजवट गेली, पण वाचकांनी केलेल्या नकलांमुळे ग्रंथ तगला. तेव्हा एखाद्याने त्यावर आजच्यासारखे कुलूप घातले असते तर? ज्या पुस्तकाची प्रत वाचकाला करता येत नाही, त्याचे आयुष्य दुकानदाराच्या आयुष्याएवढेच.

मग करावे काय? नुसती तक्रार करून थांबणे मला आवडत नाही, फाइलवर टिपण लिहायची सवय आहे. तेव्हा थोडक्यात.

पहिले, शब्द खरे वापरा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की परवाना देत असाल तर तसे ग्राहकाला स्पष्ट सांगा, नाहीतर 'विकत घ्या' म्हणू नका. कायमची उतरवून घेता येणारी प्रत देत असाल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार अधिसूचनेने जाहीर केले. त्यात हा प्रकार नाही. तो चौदावा म्हणून घालायला काय हरकत आहे?

दुसरे, दुकान बंद करायचे असेल तर करा, पण जाताना ग्राहकाला त्याच्या पुस्तकांच्या बिनकुलपाच्या प्रती देऊन जा. निदान सगळे पैसे तरी द्या.

तिसरे, आपल्या मराठी प्रकाशकांसाठी. थेट वाचकाला साधी, उघडी फाइल विका. हवे तर पानावर विकत घेणाऱ्याचे नाव छापा. आपले नाव असलेली फाइल माणूस गावभर वाटत नाही. आणि आपण वाचकांनी ती फुकट पीडीएफ पुढे ढकलणे थांबवायला हवे. हक्क मागायचा तर हात स्वच्छ हवेत.

असो. आईची कादंबरी अर्ध्यावर राहिली होती. वाचनालयात तिची जुनी प्रत मिळाली, पाने पिवळी, कोणीतरी पेन्सिलीने खुणा केलेली. रात्री जेवणे झाली की मी तिला पाच-दहा पाने वाचून दाखवू लागलो. कादंबरी संपली, दुसरी सुरू आहे. पण मी ऑफिसात असतो तेव्हा दुपारचे लांबच लांब तास तिला एकटीने काढावे लागतात. पूर्वी ते तास तिचे स्वतःचे होते, कोणावर अवलंबून नव्हते. परवा टॅब हातात घेऊन तिने विचारले, "ह्यात आतां नवीं पुस्तकां घालूं येतात मरे?"

घालता येतात. पण यावेळी अटी आधी वाचतो आहे.