जकातीच्या दारी अडलेले रेशीम

गेल्या काही महिन्यांत, जुन्या किमोनोंच्या रेशमातून चौकटबंद वस्त्रचित्रे सिद्ध करणाऱ्या आमच्या वर्गणीदारांची जी पत्रे या कचेरीत आली, त्यांपैकी बहुतेकांची फिर्याद एकच आहे. जपानहून मागविलेले पार्सल सीमाशुल्काच्या अंमलदाराने ‘वापरलेले कपडे’ ठरवून ६३०९ या शीर्षकाखाली घातले. त्या शीर्षकाच्या मालास आयात-परवाना लागतो म्हणून ते अडकवून ठेवले. आणि परवाना नसेल तर माल परत पाठवावा अथवा त्याच्या चिंध्या करून घेण्याचा अर्ज द्यावा, असे तोंडी फर्मावले. ज्या हाओरीच्या, म्हणजे किमोनोवर घालावयाच्या अंगरख्याच्या, अस्तरावर कोणा अनाम कारागिराने डोंगर, धुके आणि पाइनचे वृक्ष रंगविले, ती फाडली तर ग्राह्य आणि अखंड राहिली तर त्याज्य, हा न्याय कोणाही सुज्ञ माणसास मान्य होण्यासारखा नाही.

१९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाच्या २४ व्या कलमात माल कापून-फाडून घेण्याची तरतूद आहे हे खरे. परंतु ती मालकाच्या विनंतीवरून आणि अनेक उपयोगांच्या मालाचा एखादा उपयोग बंद करण्यासाठी आहे. मालकाच्या सोयीची ही तजवीज त्याच्यावर लादण्याचा अधिकार कोणत्या दप्तरात नमूद आहे, ते अंमलदारांनी एकदा दाखवावे. मुळात सीमाशुल्क दरपत्रकाच्या ६३ व्या अध्यायाची, ज्यात ६३०९ येते, ३ री टीप निःसंदिग्ध आहे : वस्त्रावर वापराच्या ठळक खुणा हव्यात, आणि शिवाय ते सुट्या ढिगात, गठ्ठ्यांत, पोत्यांत किंवा तशाच बांधणीत आलेले हवे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्याखेरीज ६३०९ लागू होत नाही. तातोशीत, म्हणजे किमोनो ठेवण्याच्या कागदी वेष्टनात, स्वतंत्र घडी घालून आलेला एकेक किमोनो दुसऱ्या अटीत बसत नाही, आणि इसेसाकीच्या मेइसेन रेशमावर घामाचा डाग आढळला एवढ्याने टिपेचा उत्तरार्ध रद्द होत नाही.

चिंध्या करणाऱ्या या कात्रीने होणारी हानी किती मोठी, हेही अंमलदारांस समजावले पाहिजे. सुमारे ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंद आणि १२ मीटर लांब अशा एका तानमोनोतून, म्हणजे किमोनोच्या कापडाच्या ताग्यातून, सरळ रेषांत कापलेला किमोनो उसवला, तर त्याचे तुकडे टोकाला टोक जोडून पुन्हा जवळजवळ सबंध तागा उभा राहतो. आराइहारीची सारी पद्धतच, उसवणे, जोडणे, धुणे आणि शिन्शीच्या काड्यांवर ताणणे, या रचनेवर उभी आहे. ज्या वस्त्राची कापणीच त्याच्या पुनर्जन्माचा विचार करून झाली, त्यावर आडवीतिडवी कात्री चालविणे म्हणजे पिढ्यांचा विवेक एका दुपारी नष्ट करणे होय.

काही मंडळींनी ९७०६ चा, म्हणजे पुराणवस्तूंचा, आश्रय सुचविला आहे. त्यासाठी वस्तूचे वय १०० वर्षांवर असावे लागते. जपानच्या शोवा काळातले बहुसंख्य मेइसेन त्या मर्यादेपलीकडे अजून गेलेले नाही, आणि त्याआधीच्या तैशो काळातल्या वस्त्राच्याही वयाचा कागदी पुरावा क्वचितच मिळतो. तो मार्ग आपला नव्हे.

परंतु सारा दोष अंमलदारांचाच आहे, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. टपालखर्च वाचावा म्हणून दहा किमोनो एका गठ्ठ्यात दाबून बांधावयास विक्रेत्यास सांगणारे, बीजकावर ‘जुने कपडे, किरकोळ’ असे मोघम लिहून घेणारे, आणि अडचण येताच दलालामार्फत काहीतरी देऊन सुटका करून घेणारे आपल्यातच आहेत. अशा सभासदांनी टिपेची दुसरी अट स्वहस्ते पुरी करून दिली आणि पाठीमागून येणाऱ्या प्रत्येकाची वाट बिकट केली.

तेव्हा यापुढे प्रत्येक नग स्वतंत्र तातोशीत मागवा. बीजकावर प्रकार, धागा, तंत्र, माप आणि किंमत नगवार लिहवून घ्या. न शिवलेले रेशमी तागे ५००७ या रेशमी कापडाच्या शीर्षकाखाली वेगळे दाखवा. अंमलदाराने तुमचे वर्गीकरण बदलले, तर संमतीच्या कागदावर सही करू नका. सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १७(५) अन्वये पंधरा दिवसांत सकारण लेखी हुकूम देणे त्यास भाग आहे. तो मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करता येते. तोंडी फर्मानावर अपील होत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा.

आणि आणखी एक. हे वस्त्र कलावस्तू आहे असे सरकारदरबारी सांगणाऱ्याचे काम तसे दिसले पाहिजे. लोहयुक्त चिखलात रंगलेले, आधीच ठिसूळ होत चाललेले ओशिमा त्सुमुगी रेशीम गोंद फासून एमडीएफवर चिकटविणे आणि वर काच टेकविणे आजपासून बंद करा. सुती कापड चढविलेल्या आम्लरहित पुठ्ठ्यावर ते टाक्यांनी बसवा, काच आणि वस्त्र यांत पट्टी घालून अंतर राखा, आणि चौकटीच्या पाठीवर वस्त्राची माहिती लिहा. ज्यांच्याजवळ लेखी हुकूम असतील त्यांनी त्यांच्या प्रती, आणि सर्वांनी आपापल्या कामांची छायाचित्रे, या महिनाअखेर आमच्याकडे पाठवावीत. ३ ऱ्या टिपेचा पूर्ण अर्थ स्पष्ट करणारे परिपत्रक काढावे, अशी मागणी करणारा अर्ज आम्ही वरिष्ठांकडे गुदरणार आहोत. त्याचे बळ तुमच्या कागदांवर आणि तुमच्या टाक्यांवर अवलंबून आहे.