पोट भरते, पण रक्त?

प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी महिना 5 किलो धान्य मिळते. तांदूळ-गव्हाने पोट भरते, रक्त वाढत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. आपल्या वस्तीतील आया-बहिणीही त्यातच आल्या.

खिशात किती आहेत, त्यावरून आपण बाजार करतो. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी 1945 साली उलटा हिशेब मांडला. प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे पुरेशी हवीतच; मग कमीत कमी खर्च किती? 77 पदार्थांतून पीठ, दूध, कोबी, पालक, घेवडा एवढेच उरले. खर्च कमी निघाला, पण रोज तेच कोण खाणार? गणितात चव नव्हती.

म्हणून आम्ही प्रभादेवीकर म्हणतो, हिशेब तोच, यादी मात्र आपली असावी. मसूर, चवळी, शेंगदाणे, अंडी, माठ, सुकट. सुकट खाण्यात कसली लाज? फक्त मीठ जाईपर्यंत धुवावी. 100 ग्रॅम मसूरडाळीत साधारण चार अंड्यांइतकी प्रथिने असतात. दोन्हींचे भाव ताडून पाहा. जेवणात लिंबू पिळावे, जेवणावर लगेच चहा नको.

येत्या रविवारी वंदनेनंतर महिला मंडळाने विहारात असा भावफलक लिहावा. रेशनवर डाळही मिळावी, ही मागणी त्याच फलकाखाली सह्या घेऊन करावी. आणि घरातल्या बाईने शेवटी उरलेसुरले खाणे आजपासून बंद.

जय भीम!