सोनखत

मैल्याच्या खताला आपल्या भाषेने 'सोनखत' म्हटलं. कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी तो शब्द खरा करून दाखवला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात, भंगीकाम करू द्या म्हणून त्यांनी उपास आरंभला. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी मैल्याचं खत करणारे साधे संडास उभे केले.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले, आरेतले संडास नसलेले आदिवासी पाडे पाहताना अप्पा आठवतात. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा गिलावा. वारली बाई ही भिंत स्वतः लिंपते. वाळल्यावरही बोटांचे फराटे दिसतात. संडासाच्या आडोशाला याहून जास्त काय हवं? खाली दोन खड्डे, दर वेळी मूठभर राख नि सुका पाला. एक भरला की झाकायचा आणि निदान वर्षभर हात लावायचा नाही. मग निघते ती भुसभुशीत, काळी माती.

मुंबईचा पाऊस मात्र विसरून चालणार नाही. जोतं उंच हवं, पागोळ्या खड्ड्यापासून लांब पडायला हव्यात, नाहीतर सगळं सडतं. ही खटपट करायलाच हवी. बिबट्याच्या धास्तीने रात्री टॉर्च घेऊन बाहेर जाणाऱ्या बायकांना मलवाहिनीची वाट पाहा म्हणणं मला पटत नाही.