राजकीय प्रकरणांच्या तपासातील अश्लील तपशिलांबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्यमंत्री तथा गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, छत्रपती संभाजीनगर

विषय : तपासातील चित्रफिती गोपनीय ठेवून चौकशीचे निष्कर्ष जाहीर करणेबाबत.

महोदय,

जुलै २०२३ मध्ये भाजप नेते किरीट सोमय्या यांच्याशी जोडली गेलेली अश्लील चित्रफीत एका वृत्तवाहिनीने दाखविल्यावर, याच शहराचे रहिवासी असलेले परिषदेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांनी विधान परिषदेत पेन ड्राइव्ह सादर केला. सोमय्या यांनी अत्याचाराचा आरोप नाकारून स्वतःच चौकशी मागितली आणि शासनाने तसे आश्वासन दिले. जुलै २०२५ मध्ये नाशिकच्या कथित हनी ट्रॅपबाबत, म्हणजे लैंगिक मोहात अडकवून कामे वा पैसा उकळण्याच्या आरोपाबाबत, काँग्रेसचे आमदार नाना पटोले यांनी विधानसभेत पेन ड्राइव्ह दाखविला. दोन्ही वेळी ‘सगळे जनतेसमोर आणा’ ही मागणी जोरात झाली. परंतु ‘सगळे’ यात संबंधित स्त्रियांचे चेहरेही येतात, याचा विचार फारसा झाला नाही.

कर्नाटकातील हसन येथे एप्रिल २०२४ मध्ये, ऐन निवडणुकीत, लैंगिक चित्रफितींचे पेन ड्राइव्ह सर्रास वाटले गेले आणि त्यांत चेहरे उघड झालेल्या स्त्रियांना गावात तोंड दाखविणे कठीण झाले. त्या प्रकरणातील आरोपी, हसनचे माजी खासदार प्रज्वल रेवण्णा यांना ऑगस्ट २०२५ मध्ये बलात्काराच्या खटल्यात जन्मठेप झाली ती विशेष न्यायालयात तपासलेल्या साक्षी-पुराव्यांवर; त्यासाठी चौकाचौकांत वाटप होण्याची काहीएक गरज नव्हती. जळगावच्या १९९४ मधील लैंगिक शोषण प्रकरणात तर पीडित स्त्रियांनी बदनामीच्या धास्तीपोटी पुढे न येणे हीच तपासातील मोठी अडचण ठरली होती.

भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ बलात्कारासारख्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-अ लैंगिक कृतीची उघड दृश्ये प्रसारित करणे हा गुन्हा ठरवते. म्हणून शहागंज परिसरातील नागरिकांची मागणी अशी की, अशी दृश्ये सभागृहात वा माध्यमांत न दाखविता मोहोरबंद स्वरूपात तपास यंत्रणेकडेच द्यावीत, आणि ती यंत्रणेतून बाहेर फुटल्यास जबाबदार अधिकाऱ्यावर गुन्हा नोंदवावा.

मात्र दृश्यांची गोपनीयता ही चौकशीची गोपनीयता होऊ नये. चित्रफीत खरी की बनावट, पदाचा वा सरकारी निर्णयाचा गैरवापर झाला का, खंडणी कोणी मागितली, या प्रश्नांची उत्तरे, पीडितेची ओळख वगळून, ठरावीक मुदतीत अधिवेशनाच्या पटलावर ठेवावीत. तसेच २०२३ व २०२५ च्या दोन्ही प्रकरणांची सद्यःस्थिती लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
शहागंज परिसरातील नागरिक, छत्रपती संभाजीनगर