ताडोबाला मे महिन्यातच का?

पुण्या-मुंबईच्या नातलगांचा दरवर्षी एकच प्रश्न, "केव्हा आलं म्हणजे वाघ नक्की दिसेल?" आणि सगळे जाणकार सांगतात, मे. पानगळ झालेली, नाले आटलेले, वाघ पाणवठ्यावर येणारच. खरं आहे ते. पण चंद्रपूरचा मे म्हणजे ४५-४६ अंश! उघड्या जिप्सीत लेकरांना भाजून काढायचं, आणि वाघ नाही दिसला की 'जंगलात काही नव्हतंच' म्हणत परत जायचं.

याच उन्हाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीची माणसं आधी मोहफुलं वेचायला आणि मग तेंदूपानं तोडायला भल्या पहाटे रानात शिरतात, जीव मुठीत धरून. वाघ दिसू नये म्हणून देवाला हात जोडतात. काहीजण परत येत नाहीत. त्यांना हंगाम निवडता येत नाही हो, तुम्हाला येतो ना?

कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. नोव्हेंबरात या. तलाव भरलेला, बांबू हिरवागार. नाहीतर महाशिवरात्रीच्या सुमारास या, पळस फुललेला असतो, मार्कंड्याची जत्राही होईल. मंगळवार तेवढा टाळा, ताडोबा बंद असतं.